एंटर दाबलं की पुढचा रकाना

ज्यांनी फॉक्सप्रो कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. (ज्यांनी पाहिलंय त्यांनी एक उसासा टाकून सरळ पुढच्या परिच्छेदावर जावं.) निळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि माउसला हात लावायची गरजच नाही. खाते क्रमांक टाका, एंटर. नाव आपोआप येतं. रक्कम टाका, एंटर. तपशील, एंटर. "बरोबर आहे का?" पुन्हा एंटर. झालं. पुढचा माणूस. एफ-५ म्हणजे जमा, एफ-६ म्हणजे नावे, एफ-९ म्हणजे पासबुक, एस्केप म्हणजे एक पाऊल मागे. बस्स, एवढ्या चार गोष्टींवर पतसंस्थेची एक अख्खी शाखा चालायची.

मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रो १९९२ साली विकत घेतलं. डॉसवर चालणारी शेवटची मोठी आवृत्ती २.६ होती. विंडोजवाल्या धाकट्या भावाची, म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रोची, शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि जानेवारी २०१५ मध्ये तिलाही कंपनीनं रामराम ठोकला. पण ही बातमी आमच्या भागातल्या पतसंस्था, दूध सोसायट्या, अडत दुकानं यांना कुणी कळवलीच नाही. :) तिथं फॉक्सप्रो चालूच राहिलं. चालतंय ते कशाला बदलायचं?

आता आमच्या ताईबद्दल. आम्ही भावंडं अंकुशनगरची. संभाजीनगरहून बीडकडे जाताना, गोदावरी ओलांडायच्या अलीकडे, अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना लागतो. त्याच्या भोवतीची ही वस्ती, अंकुशराव टोपे यांच्या नावावरून अंकुशनगर. अण्णांची सगळी नोकरी तिथल्या शेतकी ऑफिसात गेली. ताई १९९९ साली जवळच्याच एका गावातल्या पतसंस्थेत काउंटरवर लागली. संस्थेचं नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. तिथला फॉक्सप्रोचा प्रोग्राम जालन्याच्या एका सरांनी लिहिलेला होता. २००३ पासून तो माझ्याकडे आला, कारण सर थकले होते आणि मी फुकटात मिळत होतो.

ताईला काम करताना पाहणं हा एक वेगळाच प्रकार होता. ती पडद्याकडे बघायचीच नाही. समोरच्या माणसाशी बोलत, "पोरीचं कसं चाललंय, खोडवा किती ठेवला," असं विचारत बोटं आपली चालू. फॉक्सप्रोची एक गंमत होती. पडदा मागे राहिला तरी पुढच्या वीस कळा ते लक्षात ठेवायचं आणि नंतर एकेक करून वापरायचं. त्यामुळे ताई यंत्राच्या नेहमी दोन पावलं पुढे असायची. पंधरवड्याचं ऊसबिल जमा झालं की दारापर्यंत रांग लागायची, आणि ती रांग तिच्या बोटांवर सरकायची.

पण हे कायमचं टिकणार नव्हतं. ६४-बिट विंडोजवर जुने डॉसचे प्रोग्राम सरळ चालत नाहीत. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं ३२-बिटवाली यंत्रं शोधून, डागडुजी करून जगवत होतो. विंडोज ११ ची तर ३२-बिट आवृत्तीच निघाली नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीपासून जाहीर होतं. डॉसबॉक्ससारखे जुगाड आहेत, पण लोकांच्या ठेवींचा हिशोब जुगाडावर ठेवणं माझ्या मनाला पटत नाही.

संस्थेनं २०२२ मध्ये एका कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेतलं. (नाव नको.) सगळं ब्राउझरमध्ये. कुठूनही उघडा, मोबाइलवर उघडा, रंगीत आलेख वगैरे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी संचालक मंडळ खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं खाते क्रमांक टाकला आणि एंटर दाबलं.

आता इथं थोडं तांत्रिक, नातेवाइकांनी कंटाळू नये. ब्राउझर मुळात कागद वाचायला जन्माला आला. १९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगापुढे ठेवलं, तेव्हा कल्पना होती ती एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जाण्याची. नंतर त्यात फॉर्म आले. पण फॉर्म म्हणजे पोस्टकार्ड: भरा, पेटीत टाका, उत्तराची वाट बघा. आणि ब्राउझरच्या लेखी एंटर म्हणजे "पेटीत टाका". पुढचा रकाना नव्हे! रकाना बदलायला टॅब. म्हणजे ताईनं खाते क्रमांकानंतर एंटर दाबलं की अर्धा रिकामा फॉर्म निघाला सर्व्हरकडे, आणि लाल अक्षरांत उत्तर आलं की रक्कम भरलेली नाही. सवयीनं एफ-५ दाबलं, जमा करायला. ब्राउझरमध्ये एफ-५ म्हणजे पान पुन्हा आणा. भरलेलं सगळं गायब.

आणि ती वीस कळांची आठवण? ती नाहीच. पान यायच्या आधी जे टाइप कराल ते वाऱ्यावर.

तेवीस वर्षं काम केलेली बाई भर रांगेसमोर नवशिकी ठरली. रांगेतला कुणीतरी म्हणाला, "ताई, वय झालं आता, पोरांना बसवा." हे तिनं मला फोनवर सांगितलं नाही. मेहुण्यांकडून कळलं. मला ती एवढंच म्हणाली, "माझी बोटं आंधळी झाली रे." त्या आठवड्यात तिनं नोकरी सोडायचं अण्णांजवळ बोलूनसुद्धा दाखवलं होतं.

तीन महिन्यांत संस्था परत फॉक्सप्रोवर आली. कंपनीचं म्हणणं असं की कर्मचारी बदलायला तयार नाहीत. हे वाक्य आमच्या धंद्यात फार सोयीचं आहे. मला ते कधीच पटलं नाही. तो पडदा बनवला होता दोन मिनिटांसाठी येणाऱ्या माणसासाठी. महिन्यातून एकदा येणार, त्याला सगळं ठळक, समजावून सांगणारं, बटणाबटणांचं हवं. ताई तिथं आठ तास बसते. तिला समजावून सांगायची गरज नाही, तिला वाट मोकळी हवी. दोघांचा हिशोब एकच, पण पडदे दोन हवेत. कंपनीनं पाहुण्याचा पडदा घरच्या बाईला दिला, एवढीच भानगड.

रेल्वेनं हे केव्हाच ओळखलंय. आयआरसीटीसीची वेबसाइट २००२ साली आली, आणि आपण घरबसल्या तिकीट काढायला लागलो. बटणं, कॅलेंडर, रंग, सगळं आपल्यासाठी. पण आरक्षणाच्या खिडकीतला क्लार्क कधी माउस शोधताना पाहिलाय? तो स्टेशनांचे कोड ठोकतो. (जालन्याचा कोड नुसता 'जे', एकच अक्षर! जालनेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) जागा त्याच, गाडी तीच, माहिती त्याच एका ठिकाणी. फक्त तोंडं दोन.

असो. २०२५ च्या सुरुवातीला संस्थेनं मला सांगितलं की तूच कर. ब्राउझरमध्येच कर, कारण ऑक्टोबर जवळ येतोय आणि शाखाही आता तीन झाल्यात. मी लॅपटॉप घेऊन अंकुशनगरला जाऊन बसलो.

ब्राउझरमध्ये चपळ पडदा करता येत नाही असं काही नाही, हे आपल्याला जीमेलनं २००४ साली आणि गूगल मॅप्सनं २००५ साली दाखवलंच. अख्खं पान न बदलता पाठीमागून हळूच माहिती आणायची युक्ती त्याहूनही जुनी, मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये स्वतःच्या मेलसाठी काढलेली. मी एंटरला पुन्हा पुढच्या रकान्याकडे वळवलं. एफ-५ ला ब्राउझरच्या हातून काढून घेऊन जमेवर बसवलं. पडदा एकदाच येतो, मग दिवसभर जागचा हलत नाही. मधल्या कळा हरवू नयेत म्हणून एक छोटी रांग लिहिली, ती ताईच्या पुढं धावणाऱ्या बोटांना सांभाळते. सर्व्हर पहिल्या टप्प्यात शाखेच्याच मागच्या खोलीत ठेवला. ब्राउझर म्हटलं की लोकांना इंटरनेट आठवतं, पण एका खोलीतल्या दोन यंत्रांनाही ब्राउझर पुरतो. हायवेचं चौपदरीकरण चालू असताना तिथली केबल किती वेळा उखडली गेली हे मी विसरलेलो नाही.

निळा पडदा ठेवू का, असं मी विचारलं. ताई म्हणाली, "नको, तो डोळ्याला त्रासच द्यायचा. मला काय रंगाचं प्रेम होतं का?" म्हणजे बघा, आपण उगाच समजतो की लोकांना जुनं हवं असतं.

सगळ्यात मोठं काम मात्र नावांचं निघालं. फॉक्सप्रोमध्ये सगळी खाती इंग्रजी मोठ्या अक्षरांत होती, पंचवीस वर्षं. ब्राउझरमध्ये युनिकोड सहज चालतं, तेव्हा म्हटलं आता तरी आपल्या माणसांची नावं आपल्या लिपीत येऊ देत. आपल्यासारख्या ब्लॉगवाल्यांना याचं अप्रूप वेगळं सांगायला नको. आधी बरहा यंत्रावर उतरवून घ्या, मग तिथं टंका, मग चिकटवा, असे दिवस आपण काढलेत. 'गमभन'नं ब्राउझरमध्येच मराठी उमटवून दाखवलं तेव्हा केवढा आनंद झाला होता! माझ्या लेखी डेस्कटॉपवरून ब्राउझरमध्ये आलेली पहिली उपयोगाची गोष्ट तीच.

पण इंग्रजीतून मराठीत येताना ळ आणि ल, ण आणि न, ट आणि त, ठ आणि थ यांचा भेद कुठून आणणार? तो साठवलेलाच नव्हता. काळे की काले? ढगे की धागे? गाडे की गडे? यंत्रानं अंदाजानं केलेली यादी घेऊन मी आणि ताई रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचो. साडेतीन-चार हजार नावं. ती कुठलाही कागद न बघता सांगत गेली. "हे काळे. हे पण काळे. हे थांब, हे काले, परभणीकडून आलेत, सासुरवाडीला राहतात." कऱ्हाळे सगळे यंत्रानं 'करहाळे' करून ठेवले होते. "अरे, ते अर्धं र असतं ना आपलं, ते कुठं गेलं?" ते अर्धं र युनिकोडमध्ये वेगळं टाकावं लागतं, ते तिला दाखवलं. तेव्हापासून ती प्रत्येक कऱ्हाळ्याला दुरुस्त करताना जरा खुशीत असायची.

मध्येच एखाद्या नावावर थांबायची. "हे वारले. खातं चालू आहे, पोरांना माहीतच नाही बहुतेक." अशी अकरा खाती निघाली. वारसांना कळवलं. हे कुठल्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरला कधी सापडलं असतं? ते ताईत होतं, आणि ती २०२२ मध्ये सोडून गेली असती तर तिच्याबरोबरच गेलं असतं.

आता दुसरा पडदा, पाहुण्यांचा. खातेदारानं स्वतःच्या मोबाइलवर आपली शिल्लक बघायची. हा हवाच असा हट्ट खातेदारांचाच होता, आणि त्याला कारण आहे. २०२३ पासून आपल्या मराठवाड्यात काही पतसंस्था आणि मल्टिस्टेट कशा बसल्या, लोक पासबुकं हातात घेऊन कसे रस्त्यावर आले, ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यानंतर ताईच्या काउंटरवरही प्रश्न बदलला. आधी विचारायचे, "माझं किती झालं, माय?" आता म्हणतात, "दाखवा." ताईला ते लागलं होतं. पण रागावली नाही. तिनं मॉनिटर फिरवून लोकांकडे तोंड करून ठेवला. मान वाकडी करून काम करायची. तो मॉनिटर तसा फिरवलेला बघितला तेव्हाच माझं ठरलं होतं की हा दुसरा पडदा करायचाच.

सातबाराचंही असंच झालं की. आधी तलाठ्याला गाठा, मग दप्तर, मग हातानं लिहिलेला उतारा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळायला लागला. पंधरा रुपये भरायचे, उतारा हातात, पुन्हा कुणाच्या शिक्क्याची गरज नाही. माझ्या मते आपल्या राज्यात ब्राउझरनं केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच. अण्णा नातवाकडून दर दोन-तीन महिन्यांनी आपला सातबारा काढून बघतात. काही बदललेलं नसतं. "मग कशाला बघता?" म्हटलं तर म्हणतात, "बदललं नाही ना, तेच बघतो."

तरी एक गोष्ट मी संस्थेच्या सभेत उभा राहून सांगितली, आणि ती काही जणांना आवडली नाही. मोबाइलवर दिसणारा आकडा म्हणजे तिजोरीतला पैसा नव्हे. बुडालेल्या संस्थांतल्या लोकांच्याही पासबुकावर आकडे व्यवस्थितच होते. माझा पडदा एवढंच दाखवू शकतो की तुमच्या नावावर काय लिहिलंय. ते पैसे कुणाला कर्ज म्हणून गेले आणि ते फेडतायत की नाही, हे विचारायला वार्षिक सभेलाच यावं लागतं. अध्यक्षांनी विषय पत्रिकेतला पुढचा मुद्दा घेतला. :)

सगळंच ब्राउझरमध्ये न्यावं असंही नाही. मला एका कारखान्याकडून ऊस वजनकाट्याबद्दलही विचारणा झाली होती. तिथं मी हात जोडले. काट्यावरचा वजनाचा आकडा एका वायरीतून संगणकात येतो. ब्राउझरला ती वायर ऐकू येत नाही, आणि ते बरोबरच आहे. कुठल्यातरी वेबपानाला तुमच्या यंत्राच्या वायरींपर्यंत पोहोचू देणं म्हणजे वाटसरूला कोठीची किल्ली देणं. २०२१ पासून क्रोममध्ये परवानगी घेऊन ते करता येतं, हे खरं. पण गाडीतळावर रात्री दोन वाजता बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे आहेत, माणसं थंडीत कुडकुडतायत, आणि चिठ्ठी निघत नाही कारण कुठंतरी लाइन गेली, हे मला चालणार नाही. मधल्या वेळात कुणी हातानं वजन टाइप केलं तर? काट्यावरून आधीच किती संशय असतो ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. तिथं वजन काट्यातून सरळ जागच्या प्रोग्राममध्ये जावं आणि चिठ्ठी तिथल्या तिथं छापली जावी. मग तो आकडा हवा तर जगभर दाखवा.

पासबुकाचा छपाई-यंत्राशीही ब्राउझरचं असंच वाकडं. फॉक्सप्रो सरळ प्रिंटरला हुकूम द्यायचं, अमुक ओळीवर छाप. ब्राउझर आधी एक खिडकी उघडून विचारतो, कुठला प्रिंटर, किती पानं, आणि वर स्वतःचा पत्ता आणि तारीख छापायला बघतो. शेवटी काउंटरच्या यंत्रावर एक चिमुकला प्रोग्राम बसवावा लागला, जो ब्राउझरचं ऐकतो आणि प्रिंटरला सांगतो. म्हणजे डेस्कटॉप मागच्या दारानं परत आलाच. आमच्या क्षेत्रातले शुद्धतावादी नाकं मुरडतील. मुरडू देत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जुनी यंत्रं बंद केली. त्या दिवशी ताईनं फॉक्सप्रोचं शेवटचं दिवसअखेर केलं, आकडे जुळले, एस्केप दाबलं आणि घरी गेली. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी वगैरे येईल. तिला बस पकडायची होती.

नवीन पडद्यावर पहिल्या ऊसबिलाची रांग नोव्हेंबर संपताना लागली. मी कोपऱ्यात बसून बघत होतो. पहिली दहा माणसं ती पडद्याकडे बघत होती. अकरावा कुणीतरी ओळखीचा आला, बायकोच्या ऑपरेशनचं सांगायला लागला, आणि ताईची मान वर झाली. बोटं चालूच. संभाजीनगरला कुठल्या डॉक्टरकडे नेलं, पैसे किती सांगितले, सगळं विचारून झालं तोवर पावती छापून आली होती.

मोबाइलवाले खातेदार आता शिल्लक विचारायला येत नाहीत, त्यामुळे गर्दी कमी झालीय. येतात ते बहुतेक म्हातारे, आणि ऊसतोडीवरून परतलेल्या बायका, ज्यांचा फोन नवऱ्याकडे असतो. त्यांच्यासाठी मॉनिटर अजून फिरवलेलाच आहे. संस्थेत चर्चा चालू आहे की एवढ्या कमी लोकांसाठी काउंटरवर दोन माणसं कशाला. ताईला अजून चार वर्षं नोकरी आहे. दुसऱ्या खुर्चीवर गेल्या वर्षी लागलेली मुलगी आहे, तिचं काही सांगता येत नाही. या प्रश्नाचं उत्तर माझ्या लॅपटॉपमध्ये नाही, आणि असल्यासारखं मी सभेत बोलतही नाही.

येत्या शनिवारी पुन्हा जायचंय. पासबुक बाराव्या ओळीनंतर अर्धी ओळ खाली छापतंय म्हणून ताईचा कालच निरोप आला. जमलं तर यावेळी अण्णांनाही संभाजीनगरला घेऊन येईन, मोतीबिंदूचं बघायचंय.